अडलेले आतडे आणि सुरीवाचून उपचार

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळची ही हकीकत आहे. आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींच्या पोटात एकाएकी कळा येऊ लागल्या. कळ आली की मावशी अंगाचे मुटकुळे करीत, आणि ती ओसरली म्हणजे घामाघूम होऊन पडून राहत. दोन उलट्या झाल्या. दुसरी हिरवट व कडू होती. पोट फुगले होते. सकाळपासून शौचाला झाले नव्हते आणि वाराही सरत नव्हता. खेड्यात अशा वेळी जे घडते तेच घडले. एकीने बेंबी सरकली असे निदान करून पोट चोळून दिले. दुसरीने ओव्याचा काढा पाजला. आणि आम्हीसुद्धा, सांगावयास संकोच वाटतो, घरातील एरंडेलाची बाटली काढून त्यातील दोन चमचे मोठ्या खात्रीने मावशींना दिले. एकदा पोट साफ झाले की सारे ठीक होईल, असे आमचे शहाणपण होते.

पोट साफ झाले नाही. मध्यरात्रीनंतर कळा दुप्पट झाल्या व उलट्या थांबेनात. पहाटे मुलाने भाड्याची गाडी करून त्यांना बेळगावच्या एका रुग्णालयात नेले. सोबत आम्हीही गेलो. तेथील डॉक्टरांनी पोट तपासता तपासता पहिलाच प्रश्न केला, "मावशी, पूर्वी कधी पोटाचे ऑपरेशन झाले होते का?" झाले होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे गर्भाशय काढले होते. डॉक्टरांनी मान हलविली व क्ष-किरणाचे चित्र काढावयास सांगितले. लहान आतडे अडले आहे, असे निदान झाले.

आता लागलीच शस्त्रक्रिया होणार, या समजुतीने मुलगा पैशांची जुळवाजुळव करू लागला. परंतु शस्त्रक्रिया झाली नाही. नाकातून एक नळी पोटात उतरविली, हाताला सलाईन लावले, आणि तोंडाने पाण्याचा थेंबही द्यावयाचा नाही अशी सक्त ताकीद मिळाली. एक दिवस गेला, दुसराही गेला. मुलाचा धीर सुटला.

"डॉक्टरसाहेब, दोन दिवस झाले, आईच्या तोंडात पाणी नाही. करायचे तर ऑपरेशन करा, नाही तर आम्ही तिला घरी नेतो. नुसते थांबून काय होणार?"

डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, "आम्ही नुसते थांबलेलो नाही. दर चार तासांनी तुमच्या आईच्या पोटावर हात ठेवून पाहतो आहोत. आतडे सुटते आहे की नासते आहे, ते पाहतो आहोत. घरी नेलेत तर ते कोण पाहील?"

मुलगा गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा वारा सरला व संध्याकाळी शौचाला झाले. साध्या वाऱ्याचे एवढे कौतुक त्या कुटुंबाने पूर्वी कधी केले नसेल! पाचव्या दिवशी मावशी आपल्या पायांनी चालत घरी आल्या. पोटाला सुरी लागली नव्हती.

त्या तीन दिवसांत आम्ही जे शिकलो, व पुढे विचारून आणि वाचून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. सांगावयाचे मुख्य सूत्र एकच आहे. अडलेले आतडे पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून सुटते; तथापि तेथे थांबणे हा उपचार ठरतो तो रुग्णालयात, जाणत्या डोळ्यांदेखत. तेच थांबणे घरी झाले तर तो केवळ मोलाच्या तासांचा नाश होय.

आतडे अडते म्हणजे काय?

आपले लहान आतडे सुमारे ६ मीटर, म्हणजे जवळजवळ २० फूट लांब असते. एवढी लांब नळी पोटात वेटोळी घालून बसलेली असते व लाटेसारखी आकुंचने तिच्यातून अन्नाला पुढे ढकलीत असतात. त्या नळीत केवळ आपण खाल्लेलेच असते असे नव्हे. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा स्वतःचा रस मिळून दररोज सात-आठ लिटर द्रव तिच्यात उतरतो. निरोगी शरीर त्यातील जवळजवळ सारे पाणी पुन्हा शोषून घेते.

आता या वाटेत कोठे तरी बांध पडला अशी कल्पना करा. वरून रस उतरतच राहतात. बांधाच्या वरचे आतडे फुगते, ताणले जाते, आणि ताणलेल्या आतड्याला पाणी नीट शोषता येत नाही. आतडे जोर करून बांध फोडू पाहते, तीच ती कळ. जोर संपला की कळ ओसरते. माल पुढे जाईना म्हणून मागे फिरतो, तीच ती हिरवी उलटी. अशा रीतीने शरीरातले पाणी व क्षार आतड्यात अडकून पडतात किंवा उलटीवाटे बाहेर जातात. जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते, नाडी जलद चालू लागते.

बांध पडण्याची कारणे अनेक आहेत. सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात तयार झालेले चिकट पट्टे. कातडीवर जशी जखमेची खूण राहते तशीच पोटाच्या आतही राहते, आणि त्या खुणेपाशी आतड्याचे एखादे वेटोळे चिकटते किंवा पट्ट्याखाली दाबले जाते. अपेंडिक्स, गर्भाशय, प्रसूतीची शस्त्रक्रिया, कोणत्याही निमित्ताने पोट उघडले असेल, तर कित्येक वर्षांनीसुद्धा असे घडू शकते. म्हणूनच डॉक्टरांचा पहिला प्रश्न तो होता. याखेरीज अंतर्गळ, म्हणजे हर्निया, आतड्याचा क्षय, गाठी, आतड्याला पडलेला पीळ व मुलांमध्ये जंत ही कारणे आहेत.

नळीची कहाणी

एके काळी शल्यवैद्यांमध्ये असे वचन रूढ होते की, आतडे अडलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया केल्यावाचून सूर्य उगवू देऊ नये वा मावळू देऊ नये. त्या घाईमागे भीती होती. बाहेरून पाहून आतडे जिवंत आहे की मेले, हे निश्चित सांगण्याची साधने तेव्हा तुटपुंजी होती. परंतु पाणी आटलेल्या, फुगलेल्या पोटाच्या रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मेजावर घेतले की त्यातील फार मोठ्या संख्येने रुग्ण दगावत.

१९१२ साली न्यू यॉर्कमधील हार्टवेल व होगे या दोघा शल्यवैद्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की, आतडे अडलेलेच ठेवले, पण मिठाचे पाणी भरपूर टोचून दिले, तर तो प्राणी कितीतरी अधिक दिवस जगतो. म्हणजे मृत्यूचे एक मोठे कारण पाणी व मीठ यांचा ऱ्हास हे होते. आज जे सलाईन आपण खेड्यातील दवाखान्यातही पाहतो त्यामागे असे कष्ट आहेत.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे शल्यवैद्य डॉ. ओवेन वँगनस्टीन यांनी दिला. हे गृहस्थ १८९८ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मले. फुगलेल्या आतड्यातील ताण काढून टाकला तर आतडे आपोआप सुटू शकेल, हा त्यांचा विचार. त्यांनी नाकातून पोटात बारीक नळी उतरविली व ती पाण्याच्या बाटल्यांना जोडली. वरच्या बाटलीतील पाणी खालच्या बाटलीत उतरू लागले की नळीत ओढ निर्माण होई व जठरातील द्रव आणि वायू बाहेर खेचला जाई. पिंपातून रबरी नळीने रॉकेल काढताना आपण जी ओढ वापरतो तिच्याच जातीची ही युक्ती. १९३२ साली त्यांनी अशा रीतीने शस्त्रक्रियेवाचून मोकळ्या झालेल्या तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी असेही दाखवून दिले की, अडलेल्या आतड्यात साचणारा वायू बहुतांशी आपण गिळलेल्या हवेचाच असतो. म्हणून ती हवा जठरातूनच काढून घेतली की पुढचे फुगणे थांबते. बाटल्या गेल्या, आता विजेवर चालणारी साधने आली. पण नळी तीच व तत्त्वही तेच.

रुग्णालयात काय चालते?

मावशींच्या खाटेशेजारी बसून आम्हाला वाटत होते की येथे काहीच चाललेले नाही. वस्तुतः तेथे चार कामे एकाच वेळी चालू होती.

पहिले, तोंडाने काही न देणे. यामुळे आतड्यावर नवा भार पडत नाही. दुसरे, नाकातील नळी. तिच्यातून हिरवट द्रव पिशवीत येत होता व परिचारिका तो मोजून लिहून ठेवीत होती. नळीमुळे उलटी फुप्फुसात जाण्याचा धोकाही कमी होतो. तिसरे, सलाईन व त्यातून पोटॅशियमसारखे क्षार. पोटॅशियम कमी पडले तर आतड्याचे स्नायूच मंदावतात. किती पाणी गेले व किती द्यावयाचे हे कळावे म्हणून लघवीही मोजली जाते. चौथे व सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे पुनःपुन्हा तपासणी. नाडी, ताप, रक्ताची चाचणी व पोटावर ठेवलेला हात. शक्य तेथे सीटी स्कॅन काढून अडथळा कोठे आहे व आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत आहे की नाही, हे पाहतात.

अलीकडे यात एका औषधाची भर पडली आहे. गॅस्ट्रोग्राफिन नावाचे, क्ष-किरणात पांढरे दिसणारे आयोडीनयुक्त द्रावण, जठर नळीने रिकामे केल्यानंतर, सुमारे १०० मिलिलिटर त्याच नळीवाटे देतात. २४ तासांच्या आत ते मोठ्या आतड्यात पोहोचलेले क्ष-किरणात दिसले, तर वाट मोकळी होत आहे व बहुधा शस्त्रक्रिया लागणार नाही, असे समजावे. न पोहोचल्यास शल्यवैद्य सावध होतात. हे द्रावण पाणी आपल्याकडे ओढून घेते, त्यामुळे आतड्याच्या भिंतीची सूज उतरण्यासही साहाय्य होते, असे मानले जाते.

चिकट पट्ट्यांमुळे झालेल्या अडथळ्याविषयी जगभरच्या शल्यवैद्यांनी इटलीतील बोलोन्या नगराच्या नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शक सूत्रे तयार केली आहेत. २०१७ साली ती सुधारण्यात आली. धोक्याची चिन्हे नसतील तर शस्त्रक्रियेवाचूनचा हा उपचार शेकडा ७० ते ९० रुग्णांत यशस्वी होतो, आणि ७२ तासांपर्यंत अशी वाट पाहणे सुरक्षित समजावे, असे त्यांत म्हटले आहे. मावशींचे तीन दिवस कोणाच्या लहरीने ठरलेले नव्हते.

मग सर्वांचीच शस्त्रक्रिया करून का टाकीत नाहीत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, चिकट पट्टे मुळात शस्त्रक्रियेनेच निर्माण होतात. एक पट्टा कापावयास पोट उघडले तर नव्या पट्ट्यांचे बी पेरले जाते. यास्तव सुरी टाळता येईल तेथे ती टाळणे यात कंजुषी नाही की हयगय नाही. त्यात दूरदृष्टी आहे.

थांबू नये अशी वेळ

परंतु या नाण्याला दुसरी बाजू आहे. आतड्याचे वेटोळे दोन्ही टोकांशी आवळले गेले किंवा त्याला पीळ पडला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग काही तासांत ते काळे पडते, फुटते, व विष सर्व शरीरात पसरते. तेथे नळी व सलाईन ही केवळ शस्त्रक्रियेची पूर्वतयारी होय, पर्याय नव्हे. कळ येऊन-जाऊन होती ती आता एकसारखी व असह्य झाली, ताप आला, नाडी धावू लागली, पोट फळीसारखे कडक झाले, शौचावाटे रक्त पडले, रुग्ण निस्तेज झाला, तर शल्यवैद्य वाट पाहत नाहीत व आपणही त्यांना अडवू नये. वृद्ध माणसांत ही चिन्हे पुष्कळदा सौम्य दिसतात, हेही ध्यानात असावे.

अंतर्गळाची गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. आमच्याच ओळखीच्या एका शेतकरी काकांनी जांघेतील फुगवटा कित्येक वर्षे लाजेस्तव लपवून ठेवला होता. एके दिवशी तो फुगवटा आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या. काकांनी दीड दिवस कोणाला सांगितले नाही. अखेर शस्त्रक्रिया झाली तेव्हा आतड्याचा हातभर भाग काळा पडलेला होता, तो कापून टाकावा लागला. काका वाचले, परंतु जी शस्त्रक्रिया सवडीने, लहानशी झाली असती, ती जिवावर बेतून झाली. जांघेतील फुगवटा स्त्रियांनाही होतो व त्या तर तो अधिकच लपवितात. आपल्या घरी असे कोणी असेल तर आजच त्यांच्याशी बोला. आत न जाणारा, दुखरा फुगवटा जोराने दाबून आत ढकलण्याचा प्रयत्न मात्र घरी कोणी करू नये.

मुलांची पोटे आणि क्षय

लहान मुलांत गोल जंतांचा गुंता होऊन आतडे अडते. येथेही उपचार बहुधा नळी व सलाईन यांचाच असतो. परंतु आतडे अडलेले असताना घरी जंतांचे औषध देऊ नये. ते अडथळा सुटल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून द्यावयाचे. खरा उपाय आधीचा आहे. जेवणापूर्वी हात धुणे, शौचालयाचा वापर, भाजी धुऊन घेणे, व शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी जंतांची गोळी न चुकविणे. आपल्या देशात २०१५ सालापासून १० फेब्रुवारी हा दिवस त्यासाठी नेमलेला आहे.

तान्ह्या मुलांत आतड्याचा एक भाग दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरतो. मूल थोड्याथोड्या वेळाने किंचाळून रडते, पाय पोटाशी घेते, मध्येच मलूल पडते, व पुढे शौचातून रक्तमिश्रित आव पडते. असे मूल वेळेवर रुग्णालयात पोहोचले तर गुदद्वारावाटे हवा किंवा सलाईन दाबाने सोडून आतडे बहुतेक वेळा पूर्ववत करता येते. पोट उघडावे लागत नाही. उशीर झाला तर ही संधी हुकते.

आपल्याकडे आतड्याचा क्षयही अडथळ्याचे कारण होतो. महिनोन् महिने अधूनमधून पोट फुगणे, वजन उतरणे, संध्याकाळचा बारीक ताप ही त्याची लक्षणे. क्षयामुळे अरुंद झालेली आतड्याची वाट क्षयाच्या औषधांनीच पुष्कळदा रुंदावते. दिल्लीतील डॉक्टरांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अशा बहुसंख्य रुग्णांना औषधांनी आराम पडला व शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागली. अट एवढीच की, औषधे पूर्ण मुदतीची घ्यावयाची. बरे वाटले म्हणून मध्येच सोडावयाची नाहीत.

घरी परतल्यावर

सुटलेले आतडे पुन्हा अडू शकते. उपरोक्त सूत्रांप्रमाणे शस्त्रक्रियेवाचून बऱ्या झालेल्यांपैकी शेकडा सुमारे १२ जणांना वर्षभरात व सुमारे २० जणांना पाच वर्षांत पुन्हा रुग्णालयात यावे लागते. शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण थोडे कमी, ८ व १६, असते. परंतु ते शून्य होत नाही.

मावशींना निघताना डॉक्टरांनी सांगितले ते असे: काही आठवडे थोडेथोडे व वारंवार खावे, मऊ भात, पेज, ताक, शिजविलेले पदार्थ घ्यावेत. प्रत्येक घास नीट चावावा. संत्र्याचे पापुद्रे, उसाचा चोथा, शेवग्याच्या शेंगेचे धागे गिळू नयेत. पाणी पुरेसे प्यावे, चालत राहावे. आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वेळी रात्री-अपरात्री शोधाशोध नको.

मावशींनी विचारले, "मग पोट चोळून घेतले तर चालेल का?" डॉक्टरांनी नकार दिला. परदेशात काही प्रशिक्षित उपचारक चिकटलेल्या भागांवर हळुवार हस्तोपचार करतात व त्यामुळे पुन्हा अडण्याचे प्रमाण कमी झाल्याचे काही अहवाल आहेत. परंतु ते अभ्यास लहान आहेत, आणि तो उपचार अडथळा सुटल्यानंतरचा आहे. कळा चालू असताना फुगलेल्या पोटावर हात चालविणे हे वेगळेच प्रकरण होय व ते जिवावर बेतू शकते.

वाचकहो, घरात कोणाला येऊन-जाऊन कळा, उलट्या, पोट फुगणे व वारा-शौच बंद अशी लक्षणे दिसली, विशेषतः ज्याचे पोट पूर्वी कधी उघडले आहे अशा माणसाला, तर एवढे करा. तोंडाने काही देऊ नका. एरंडेल नको, जुलाबाची गोळी नको, एनिमा नको, चोळणे नको. अडलेल्या वाटेवर मागून जोर लावला तर वाट मोकळी होत नाही, नळीच फुटते. सुरुवातीला एखाद्या वेळी थोडे शौचाला होते, कारण अडथळ्याच्या खालचे आतडे रिकामे होत असते. त्याने फसू नका. सकाळची वाट न पाहता शल्यवैद्य असलेले रुग्णालय गाठा. आणि तेथे डॉक्टर म्हणाले, "आपण थांबू," तर त्यांच्याबरोबर थांबा. ते म्हणाले, "आता थांबता येत नाही," तर त्यांचा हात धरू नका.

मावशी आता बऱ्या आहेत. परवा रविवारी मिस्सानंतर भेटल्या, तेव्हा हसत म्हणाल्या, "तुमची एरंडेलाची बाटली अजून आहे का हो घरात?" बाटली आहे. आता ती दिव्याच्या वातीसाठी व बिजागऱ्यांसाठी वापरतो.